हरणाचे पैसे कोण देणार? सोन्याच्या नाण्यांवरचे प्राणी आणि आपला खिसा

(टेबलावर काळं मखमली कापड, त्यावर एक छोटं नाणं. कॅमेरा वरून.)

"भाऊ, हरणाचे पैसे नाही मिळत. सोन्याचे सांगा, देतो."

हे मला नागपूरच्या इतवारीत, सराफा ओळीत ऐकवलं गेलंय. ऐन मे महिना, डोक्याला दुपट्टा गुंडाळून गेलो होतो आणि खिशात होतं हे नाणं. अंगठ्याच्या नखाएवढं. क्रुगररँड, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं सोन्याचं नाणं, तेही पूर्ण नाही, दहावा हिस्सा. सराफकाका आधी कसोटीच्या दगडावर घासायला निघाले, मी ओरडलोच. मग त्यांनी मशीनवर टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता काढली, काट्यावर ठेवलं. 3.39 ग्रॅम, 22 कॅरट. गुणाकार केला, थोडी घट धरली, आकडा सांगितला. मी म्हटलं, काका, पण मागे बघा ना, काय सुंदर हरीण कोरलंय. त्यावर ते जे बोलले ते तुम्ही आत्ताच ऐकलं.

(चेहरा, समोरून)

नमस्कार राजेहो. आजचा विषय, सोन्याची अशी नाणी ज्यांच्यावर त्या त्या देशाचा रानातला प्राणी असतो. ती जमवायचा नाद काय असतो, त्यात पैसा कुठं मुरतो, आणि नागपुरात बसून हे करायचं तर काय बघायचं. गुंतवणुकीचा सल्ला नाही हा. त्यातलं मला एवढं कळत असतं तर मी या खडखड्या पंख्याखाली बसून व्हिडिओ केला नसता.

आधी हे हरीण. हे आपलं चितळ नाही. हे स्प्रिंगबोक, दक्षिण आफ्रिकेच्या माळावरचं, आपल्या काळविटाच्या भाऊबंदातलं. 1967 साली दक्षिण आफ्रिकेनं क्रुगररँड काढलं ते आपल्या खाणीतलं सोनं जगभरच्या साध्या गिऱ्हाइकाला विकता यावं म्हणून. एका बाजूला तिथल्या जुन्या ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचा अध्यक्ष पॉल क्रुगर, दुसऱ्या बाजूला कूर्ट स्टेनबर्ग या शिल्पकाराचं स्प्रिंगबोक. आणि गंमत म्हणजे नाण्यावर किंमत छापलेलीच नाही. सोन्याचा त्या दिवशीचा भाव हीच त्याची किंमत. अशा नाण्याला बुलियन नाणं म्हणतात.

वजनात मात्र एक खोच आहे. पूर्ण क्रुगररँडमध्ये चोख सोनं एक ट्रॉय औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम. पण काट्यावर ठेवलं तर 33.93 ग्रॅम भरतं. वरचं सगळं तांबं. म्हणून रंग जरा लालसर आणि म्हणूनच ते लवकर घासत नाही. माझं 3.39 ग्रॅमचं पिल्लू त्याच हिशोबातलं, त्यात सोनं 3.11. आता कोणी तुम्हाला 33.93 ला 24 कॅरटच्या भावानं गुणून किंमत सांगितली, तर समजा की तांब्याचे पैसे तुम्ही सोन्याच्या भावानं देताय.

मग बाकीचे प्राणी कुठून आले? याला राजकारण कारण आहे. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार वाढत गेला, 1985 मध्ये अमेरिकेनं क्रुगररँडची आयातच बंद केली. बाजारात जागा मोकळी होत होती आणि प्रत्येक टांकसाळ तिथं आपलं नाणं घेऊन उभी राहिली. कॅनडानं 1979 मध्येच मेपलचं पान आणलं होतं. चीननं 1982 मध्ये पांडा आणला. ऑस्ट्रेलियानं 1986 मध्ये सुरुवात केली ती सोन्याच्या गोळ्यांची चित्रं काढून, म्हणजे खाणीत सापडतात ते ओबडधोबड गोळे. आता गोळा बघून कोणाचं मन भरणार? 1989 पासून कांगारू आला आणि मग तोच राहिला. अमेरिकेच्या गव्याची पाळी आली 2006 मध्ये, पण चित्र नवं नाही. जेम्स अर्ल फ्रेझरनं 1913 च्या पाच सेंटच्या नाण्यासाठी काढलेला तोच गवा उचलून 24 कॅरट सोन्यावर बसवला.

सोनं सगळीकडे सारखंच. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं 24 कॅरट आणि इतवारीचं 24 कॅरट वितळवलं की कोणाच्या बापाला ओळखू येणार नाही. म्हणून प्रत्येक देशानं असा प्राणी धरला, जो दुसऱ्याकडे नाही.

पांड्याची गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण जमवणारा माणूस कसा अडकतो ते त्यात दिसतं. क्रुगररँडवरचं हरीण वर्षानुवर्षं तसंच पळतंय. पांडा मात्र दरवर्षी नवा. कधी बांबू खातोय, कधी पिल्लू कुशीत. 2001 चं चित्र 2002 मध्ये तसंच ठेवलं, तर जमवणारे नाराज झाले, आणि टांकसाळीला दरवर्षी नव्या चित्राकडे परत वळावं लागलं. आता विचार करा, 1982 पासून दरवर्षीचा एक पांडा. मधलं एक वर्ष नसेल तर झोप लागत नाही. हा आजार आहे, मला ठाऊक आहे, मला आहे. आणि पांड्यात आणखी एक खोड: 2015 पर्यंत तो औंसात होता, 2016 पासून ग्रॅममध्ये आला. मोठा पांडा आता 31.1 ग्रॅमचा नाही, बरोबर 30 ग्रॅमचा आहे. वरवर दोन्ही सारखेच दिसतात. भाव विचारताना साल विचारायचं ते एवढ्यासाठी.

कांगारूबद्दल एकच सांगतो. पर्थ टांकसाळीनं 2011 मध्ये कांगारूचं एक नाणं केलं, 80 सेंटिमीटर रुंद आणि वजन एक हजार बारा किलो. सराफकाकांना सांगितलं तर म्हणाले, "घट किती जाईल त्यात!"

(कॅमेरा जवळ)

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशी झालं, आपलं काय? तर आपलं फार जुनं आहे. गुप्तांचे सोन्याचे दिनार घ्या. समुद्रगुप्ताच्या एका प्रकारात राजा वाघाला बाण मारतोय आणि बाजूला लिहिलंय व्याघ्रपराक्रम. त्याचा मुलगा दुसरा चंद्रगुप्त, त्याच्या नाण्यावर वाघ जातो आणि सिंह येतो. का? अभ्यासक सांगतात की त्यानं पश्चिमेकडे काठियावाडपर्यंत मुलूख जिंकला, आणि सिंह तिकडचा. त्याचा मुलगा पहिला कुमारगुप्त, त्याच्याकडे तर घोड्यावरून गेंडा मारणारा राजा आहे. बाप, मुलगा, नातू आणि तीन जनावरं. म्हणजे राज्याचा नकाशाच नाण्यावर. 1946 मध्ये राजस्थानात बयाना इथं 1,800 च्या वर गुप्तकालीन सोन्याची नाणी एका साठ्यात सापडली आणि अनंत सदाशिव अळतेकरांनी ती अभ्यासली.

आणि या सिंहवाल्या चंद्रगुप्ताची मुलगी आपल्या विदर्भात दिली होती, बरं का. प्रभावतीगुप्ता, वाकाटकांची राणी. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आपलं रामटेकजवळचं नगरधन. पेंचला सफारीला जाताना तुम्ही ज्या भागातून सुसाट गाडी हाकता, तिथं व्याघ्रपराक्रमाची नात नांदली.

गुप्तांची नाणी मात्र विकत घ्यायच्या भानगडीत नवख्यानं पडू नये. नकली इतकी चांगली बनतात की मीही फसेन. जुनी नाणी बघायची असतील तर आधी अजब बंगल्यात जा, 1863 पासूनचं संग्रहालय आहे आपल्या गावात. आणि शेतात नांगरताना काही सापडलं तर ते खिशात घालायचं नसतं, 1878 चा कायदा आहे, सरकारला कळवावं लागतं.

कंपनी सरकारची मोहोर आठवते? 1835 ची, चौथ्या विल्यमची, आणि 1841 ची व्हिक्टोरियाची. मागच्या बाजूला सिंह आणि त्याच्या पाठीशी ताडाचं झाड. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे नेमका एक तोळा. जुना, खरा तोळा. हल्ली दुकानात तोळा म्हणतात तो 10 ग्रॅमचा. या मोहोरांच्या सरकारी टांकसाळीतच नंतर पुन्हा पाडलेल्या प्रतीही फिरतात, त्यांची किंमत वेगळी, तेव्हा घेताना जाणकार माणूस सोबत हवा.

आपल्याकडे मोहोर जमवली जात नव्हती, घातली जात होती. पुतळ्यांची माळ, मोहरांची माळ. वर कडी डाखली की नाणं दागिना झालं. माझ्या आजीच्या मोहोरेलाही अशी कडी आहे. जमवणाऱ्याच्या बाजारात कडीवालं नाणं म्हणजे पाय मोडलेला घोडा, निव्वळ सोन्याच्या भावानं जातं. आणि कडी काढली तरी डाखाचा डाग राहतोच, उलट नाणं आणखी बिघडतं. तसंच ठेवा.

मग स्वतंत्र भारतात सोन्याच्या नाण्यावर वाघ का नाही रुजला? 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 पर्यंत होता. त्या काळात सामान्य माणसाला बिस्किटं, विटा अशा रूपात सोनं ठेवायला बंदी होती, म्हणून सगळं सोनं दागिन्यात गेलं. घरोघरी गुरुपुष्याला घ्यायचं ते वळं. 2015 मध्ये सरकारनं भारतीय सुवर्ण नाणं आणलं, त्यावर अशोकचक्र आणि गांधीजी. सराफ्यात विचाराल तर लक्ष्मी आणि गणपती. त्याबद्दल तक्रार नाही, धनतेरसला तेच हवं. पण जनावरं आपल्या साध्या नाण्यांवर होती की! 1947 च्या निकेलच्या रुपयावर वाघ आहे. चार आण्याचा गेंडा तर तुम्ही-मी वापरलाय, 2011 मध्ये बंद झाला. 2023 मध्ये व्याघ्र प्रकल्पाला 50 वर्षं झाली तेव्हा 50 रुपयांचं स्मारक नाणंही निघालं. म्हणजे वाघ नाण्यावर येतो, सोन्यावर बसत नाही. आणि रिझर्व्ह बँकेचं देशात ठेवलेलं सोनं असतं कुठं? मुंबईत आणि आपल्या नागपुरात! आरबीआय चौकातून, हो, संविधान चौकातून, रोज जातो आपण. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर उशाशी आणि सोनं शेजारी. एक वाघ पाडायला काय हरकत आहे, असं मला दर वेळी सिग्नलवर वाटतं.

(वही आणि पेन समोर)

आता हिशोब. सोपा जावा म्हणून चोख सोनं ग्रॅमला 10,000 रुपये धरतो, हा आजचा भाव नाही. एक औंसाच्या कांगारूत सोनं झालं 3,11,000 चं. विकणारा समजा 3,25,000 सांगतो. वरचे 14,000, म्हणजे साडेचार टक्के. आता दहावा हिस्सा बघा. सोनं 31,100 चं, सांगतो 35,000. वरचे 3,900. आकडा लहान वाटतो, पण टक्के साडेबारा! लहान नाण्यात पाडायची मजुरी, डबी, दुकानदाराचा नफा, सगळं थोड्या सोन्यावर पडतं. लहान नाणं परवडतं म्हणून घेतो आपण, आणि तेच महाग पडतं.

आणि हे वरचे पैसे इतवारीत परत मिळत नाहीत. ते कोण देतो? दुसरा जमवणारा. तो भेटेपर्यंत कांगारू म्हणजे फक्त 31.1 ग्रॅम. माझा आपला नियम असा, वरचे पैसे मी सिनेमाच्या तिकिटासारखे धरतो. बघायचा आनंद घेतला, गेले. तेवढे सोडायची तयारी नसेल तर सरळ वळं घ्या, मनाला त्रास नाही.

परदेशातून आणायचं म्हणाल तर माझं हे पिल्लू आतेभावानं डर्बनहून आणलं. विमानतळावर दाखवून, शुल्क भरून, पावतीसकट. परदेशात वर्षभर राहून येणाऱ्याला सोन्याची जी सवलत मिळते ती दागिन्यांना आहे, नाण्यांना नाही. "एकच तर आहे, खिशात टाक" असं म्हणणारा नातेवाईक प्रत्येकाला असतो, त्याचं ऐकू नका. इथं घेतलं तर 3 टक्के जीएसटीसह बिल घ्या. दोन लाखांच्या वर खरेदी असेल तर पॅन लागतं. परदेशी नाण्यावर आपला हॉलमार्क नसतो, त्यामुळे सराफ बिचकतो, तेव्हा ते बिलच कामी येतं. बँकेतून नाणं घेतलं असेल तर एक लक्षात ठेवा, बँक विकते, परत घेत नाही. विकताना दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, पण ते तुमच्या सीएला विचारा, मला नको.

खरं-खोटं बघायला वजन, व्यास आणि जाडी तिन्ही मोजायची. एकटं वजन पुरत नाही. आणि कधी कधी तिन्हीही पुरत नाहीत: टंगस्टन नावाचा धातू चोख सोन्याइतकाच जड असतो, 24 कॅरटच्या नाण्याची नक्कल त्यातून करून वर सोन्याचा मुलामा दिला तर मापं जुळतात आणि पाण्यात बुडवूनही कळत नाही. क्रुगररँडच्या कडेवरचे दातेसुद्धा मोजतात लोक, साध्याला 160, खास चकचकीत प्रूफला 220. मी एकदा भिंग घेऊन बसलो, 90 ला दारावरची बेल वाजली.

आणि पुसू नका, राजेहो. चिंच नाही, रांगोळी नाही, पितांबरी तर अजिबातच नाही. कडेला धरा, असं, आणि डबीत ठेवा.

(नाणं कडेनं उचलून)

हे मी विकलं नाही त्या दिवशी. उचललं, दुपट्टा बांधला, पायऱ्या उतरत होतो तर मागून हाक. "भाऊ, दोन दिवस ठेवून जाता का? नातवाला दाखवतो, त्याला जनावरांचं लई वेड आहे."

ठेवून आलो. पावती मात्र लिहून घेतली.