तांबड्या विंचवाच्या नावातला कंस

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: तांबड्या विंचवाचे शास्त्रीय नाव ‘हॉटेनटोटा टॅम्युलस (फॅब्रिशियस, १७९८)’ असे लिहिताना माणसाचे नाव कंसात का? पहिला शब्द प्रजातीचा (जीनस) आणि दुसरा जातीचा (स्पीशीज), हे शाळेत झालेले आहे, म्हणून थेट कंसाकडे येतो.

डॅनिश शास्त्रज्ञ योहान क्रिस्टियान फॅब्रिशियस यांनी १७९८ मध्ये या विंचवाला ‘स्कॉर्पिओ टॅम्युलस’ म्हटले. टॅम्युलस म्हणजे तमिळ. पुढे तो ब्यूथस, मग मेसोब्यूथस या प्रजातींत गेला आणि चेक अभ्यासक फ्रँटिशेक कोव्हार्झिक यांच्या २००७ च्या आढाव्यात तो हॉटेनटोटात आला. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे याचे बिऱ्हाड हलत राहिले. टॅम्युलस मात्र सुटले नाही. कंस सांगतो तो एवढाच, की नाव देणाऱ्याने हा प्राणी आजच्या प्रजातीत ठेवलेला नव्हता.

‘कंस ऐच्छिक असतो’ असे एका प्रेक्षकाने ठासून लिहिले आहे. तसे नाही. त्याच आढाव्यात कोव्हार्झिक यांनी जबलपूरवरून ‘हॉटेनटोटा जबलपुरेन्सिस’ ही नवी जाती नोंदवली; ती पहिल्यापासून हॉटेनटोटातच असल्याने त्यांचे नाव कंसाविना लिहितात. एका प्रदर्शनातल्या पाटीवर टॅम्युलसपुढचा कंस गाळलेला पाहून मी तिथल्या माणसांशी बराच वेळ बोललो, कारण कंस गेला की फॅब्रिशियस यांनीच हॉटेनटोटा म्हटले होते असा खोटा अर्थ होतो.

कोकणात आजीच्या घरी लाकडांच्या ढिगातून निघालेला तांबूस विंचू मी जवळून पाहिला आहे. अंगावर करड्या, दाणेदार कडा आणि वर वळलेली नांगी. आजीला त्याचे लॅटिन नाव ठाऊक नव्हते, पण लाकूड झटकल्याशिवाय ती उचलत नसे.

नावाचा हा फेरफार दवाखान्यापर्यंत पोहोचतो. महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाब उतरवणारे औषध एकटे द्यावे की त्यासोबत प्रतिविषही द्यावे, याची चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. तिच्या शीर्षकात मेसोब्यूथस टॅम्युलस आहे. हा विंचू दुसरा नव्हे, तोच. विंचूदंशाची माहिती शोधताना हॉटेनटोटा, मेसोब्यूथस ही दोन्ही नावे आणि जुने ब्यूथसही टाका, नाहीतर महाडचे हे काम तुमच्या हाती लागणार नाही.