डाव्या पानावरची शाई

[पडद्यावर: उघडी वही, अगदी जवळून]

उजव्या पानावर उभे दोन रकाने. एकात दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांची खाम भाषा, दुसऱ्यात तिचं इंग्रजी. डावं पान मुद्दाम कोरं सोडलेलं. पुढे कधी त्या भाषेतल्या गोष्टी सांगणाऱ्यानं एखादा शब्द उलगडला, झाडाची किंवा प्राण्याची ओळख दिली, चूक सुधारली, की ते या डाव्या पानावर यायचं. म्हणून कित्येक ठिकाणी समोरासमोरची दोन पानं वेगवेगळ्या दिवशी लिहिलेली आहेत.

केप टाउनजवळ मोब्रे इथल्या एका घरात १८७० पासून या वह्या भरत गेल्या. लिहिणारे दोघं: जर्मन भाषातज्ज्ञ विल्हेल्म ब्लीक आणि त्यांची मेहुणी ल्युसी लॉइड. सांगणाऱ्यांपैकी बरेच जण केप टाउनच्या ब्रेकवॉटर तुरुंगातून आलेले सान कैदी होते. त्यांतलाच एक काब्बो १८७१ च्या फेब्रुवारीत आला. शिक्षा संपल्यावरही तो सांगण्यासाठी थांबला आणि १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये परत गेला. ब्लीक १८७५ मध्ये वारले. लॉइडबाई लिहीत राहिल्या. सगळी मिळून बारा हजारांहून जास्त पानं झाली. ‘ब्लीक-लॉइड’ या संग्रहाच्या नावात ब्लीक पहिले येतात, पण पानं उलटत गेलं तर बहुतेक अक्षर लॉइडबाईंचं आहे. हे स्पष्ट सांगायला हवं.

[ध्वनी: जिभेचे टचकारे]

कुणाचं वाईट झाल्याचं ऐकलं की आपण ‘च् च्’ करतो. खाम भाषेत तो आवाज म्हणजे एक व्यंजन, आणि वहीत त्याची खूण एक उभी रेघ. बैल हाकताना गालाच्या कडेनं टचकारतो, त्याला दोन उभ्या रेघा. काब्बोच्या नावाआधी या दोन रेघा आहेत. फिकट शाईतली एक रेघ स्कॅनमध्ये उडाली, तर शब्दच बदलतो. त्यामुळे शंका आली की मूळ पान तिरप्या उजेडात धरून पाहावं लागतं.

वह्यांचा संदर्भही समजून घेण्यासारखा आहे. आधी ‘एल’, म्हणजे लॉइड. मग रोमन आकडा सांगणाऱ्याचा: दोन म्हणजे काब्बो. पुढे वहीचा क्रमांक, शेवटी पानाचा. नवी वही उघडली तरी पानांचा आकडा पुन्हा एकपासून सुरू होत नाही. एखादं पान सुटलं, तरी ते कुठलं ते आकड्यावरून कळतं.

[पडद्यावर: मोजपट्टीची फक्त कडा. माणूस दिसत नाही]

छायाचित्रांना असा आधार नसतो. १८७१ मध्ये याच ब्रेकवॉटर तुरुंगात कैद्यांचे फोटो काढले गेले. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांनी पद्धत ठरवून दिली होती: कपडे उतरवून, मोजपट्टीशेजारी, एकदा समोरून, एकदा बाजूनं. माणूस मापात बसवायचा, एवढाच त्यांचा हेतू. त्यातल्या एखाद्याचं नाव वहीत सापडलं, तर तो सांगणारा म्हणून उभा राहतो. पण चेहरा मिळताजुळता वाटला म्हणून नाव लिहू नये. पेन्सिलीनं मांडलेला अंदाज सूचीत गेला की पुढचे सगळे तोच खरा मानतात.

[पडद्यावर: डोंगरउतारावर धूर]

१८ एप्रिल २०२१, रविवार. टेबल माउंटनच्या उतारावरचा वणवा केप टाउन विद्यापीठात शिरला आणि जॅगर ग्रंथालयाचं वाचनदालन जळालं. आगरोधक दारं खाली येऊन बंद झाल्यानं आग पुढे गेली नाही. इथे ठेवलेला या वह्यांचा ब्लीक-लॉइड संग्रह आगीतून वाचला. तळघरांत मात्र आग विझवायचं पाणी साचलं होतं. स्वयंसेवकांनी साखळी करून क्रेटमागून क्रेट बाहेर काढले.

ओल्या कागदाला साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. हजारो कागद तेवढ्यात सुकत नाहीत, म्हणून ते गोठवतात. मग निर्वात कक्षात बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते आणि शाई पसरत नाही. लोहयुक्त जुन्या शाईला हे फार महत्त्वाचं, कारण पाण्याबरोबर तिच्यातलं आम्ल आणि लोह अक्षराबाहेर सरकतं आणि भोवती तपकिरी वलय उरतं.

फोटो सरसकट गोठवायचे नाहीत. जुने फोटो काचेवर, कोलोडियन या रसायनाच्या थरात काढलेले असत; अशा काचा गोठल्या तर थर सुटतो. त्या सगळ्यात आधी उचलायच्या आणि थराची बाजू वर ठेवून हवेत सुकवायच्या. जिलेटिनचे फोटो फुगतात आणि एकमेकांवर सुकले की चिकटतात, म्हणून ओले असतानाच सुटे करायचे. ही धावपळ चालू असताना प्रत्येक क्रेटवर कपाट, फळी आणि खोका लिहायलाच हवा. डाग पडलेलं पान वाचता येतं. जागा हरवलेल्या पानाचा सांगणारा कोण, हे शोधण्यात वर्षं जातात.

[पडद्यावर: पुन्हा वही. एक रकाना भरलेला, दुसरा कोरा]

अशीही पानं आहेत, ज्यांचं इंग्रजी कधी लिहिलंच गेलं नाही. खाम बोलणारं आज कुणी नाही. अशा पानाशी बसणारा अभ्यासक शेजारी दोनच गोष्टी घेतो: ब्लीक यांची मुलगी डोरोथिया हिनं तयार केलेला, १९५६ मध्ये छापलेला शब्दकोश, आणि समोरच्या डाव्या पानावर लॉइडबाईंनी मागाहून लिहिलेल्या ओळी.