चारसूत्री भात: आधी चौकोन, मग गोळी

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. कोकणात दहा-वीस गुंठ्यांच्या खाचरावर ज्या घराचं वर्षाचं भात अवलंबून आहे, त्या घरासाठी आज बोलायचं आहे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेली चारसूत्री, म्हणजे चार सूत्रांची भातलागवड (पिकाचे अवशेष, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि खताची गोळी) आता जुनी झाली. तरी पुष्कळजण तिच्यातली खताची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, तेवढी उचलतात आणि लावणी मोकाट करतात. मग गोळी खोचायची कुठे?

म्हणून आधी दोरी. नायलॉनच्या दोरीवर 15 सेंटिमीटर, मग 25, पुन्हा 15, पुन्हा 25 अशा खुणा करा. दोन ओळींमधलं अंतरही याच क्रमाने ठेवा. प्रत्येक खुणेपाशी दोन-तीनच रोपांचा एक चूड, उथळ. सुरुवातीला खाचर विरळ दिसतं, शेजारी हसतातही. पण फुटवे फुटायला हीच मोकळीक लागते.

आता 15 बाय 15 चे चार चुडांचे चौकोन तयार झाले. लावणी झाली की त्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. गुंठ्याला साधारण 625 गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत खत. फेकलेला युरिया पाण्याबरोबर खालच्या खाचरात जातो, काही हवेत उडून जातो. चिखलात खोल बसलेलं नत्र मुळांपाशी टिकतं आणि हळूहळू मिळत राहतं. गोळी वर राहिली किंवा चिखल घट्ट असल्याने भोक बुजलं नाही, तर मात्र हा सगळा फायदा गेला. खाचरात पाण्याचा थर पातळच ठेवा. पिशवी उघडी राहिली तर गोळ्या ओल धरून विरघळतात.

बाकीची दोन सूत्रं घरच्या मालाची. तरव्याच्या, म्हणजे रोपं तयार करायच्या वाफ्यात पेरणीआधी चौरस मीटरला किलोभर तुसाची काळी राख मिसळा. तिच्यातल्या सिलिकाने रोपं ताठ होतात. पहिल्या नांगरटीला गुंठ्याला 20 किलो पेंढा गाडा. गिरिपुष्पाचा 30 किलो हिरवा पाला लावणीच्या आठवडाभर आधी खाचरात पसरा, पानं गळली की काटक्या उचला आणि चिखलणी करा.

गोळ्या दिल्यावर चौकोनात पाय टाकू नका. तण काढायला 25 सेंटिमीटरच्या मोकळ्या पट्ट्यातूनच चाला. वरून पुन्हा युरिया फेकू नका.