लाळ आटते तेव्हा

(दृश्य: पहाट. तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या निखाऱ्यासमोर टम्म फुगते आहे.)

बीड जिल्ह्यातलं एक गाव. पितळीत ज्वारीची भाकरी, तिच्यावर येसराची आमटी. आजोबा पहिला घास घेतात आणि चावत राहतात. आपण दोन घास संपवले असते, तरी त्यांचा पहिलाच चाललेला.

"भाकर तोंडातल्या तोंडात फिरायली. खाली उतरंना."

तंबाखूची पुडी आयुष्यभर खिशात होती. मग गालाच्या आत न भरणारी जखम झाली, ती कर्करोगाची निघाली, ऑपरेशन झालं आणि त्यानंतर शेक, म्हणजे किरणोपचार. आठवड्यातले 5 दिवस, असे 6 आठवडे. गाठ गेली. पण वाटेत लाळेच्या ग्रंथीही भाजल्या.

कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या 3 जोड्या असतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ येते, आणि ती कधी आली हे आपल्याला कळतही नाही. किरणांचा मार सर्वांत आधी सोसवत नाही तो कानापुढच्या ग्रंथींना. तोंड कोरडं पडायला इतरही कारणं आहेत: बेतात न राहिलेला मधुमेह, नैराश्याच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, शोग्रेनसारखा आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते.

(दृश्य: पाण्याचा तांब्या. हातात कृत्रिम लाळेच्या स्प्रेची छोटी बाटली.)

मग पाणी प्यावं की! सगळे हेच सांगतात. पण पाणी तोंडात टिकत नाही. लाळ बुळबुळीत असते, ती जिभेला, गालाला चिकटून राहते. कृत्रिम लाळ हाच गुण उसना आणते. सेल्युलोजपासून केलेला किंवा झँथनसारखा डिंक पाण्यात मिसळून ते दाट केलेलं असतं. काहींत कॅल्शियम, फॉस्फेट, फ्लोराइडही घालतात. जेवणाआधी स्प्रे गालांच्या आत आणि जिभेखाली मारायचा, मग जिभेनं सगळीकडे फिरवायचा. रात्री जेल बरं, कारण ते जास्त वेळ राहतं. आजोबांच्या उशाशी ते असतंच. नाहीतर मध्यरात्री जीभ टाळूला चिकटते आणि जाग येते.

हे औषध ग्रंथींना पुन्हा जागं करत नाही. थोड्या वेळानं असर ओसरतो, पुन्हा घ्यावं लागतं. ग्रंथींत थोडा जीव उरला असेल तर डॉक्टर लाळ सुटायला मदत करणाऱ्या पायलोकार्पिनच्या गोळ्या देतात. दम्याच्या रुग्णानं त्या मनानं घेऊ नयेत.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. लाळ सुटावी म्हणून चिंच, लिंबू चघळू नका. लाळ नसलेल्या तोंडात आंबट धुऊन जात नाही, दातांवर बसून राहतं. दात हिरडीलगत किडतात, काळे पडतात. किरणोपचार झालेल्या जबड्यातला दात काढणं जोखमीचं असतं. तिथलं हाड भरून येईलच असं नाही. म्हणून शेक सुरू व्हायच्या आधीच दातांच्या डॉक्टरकडे जा, आणि नंतर फ्लोराइडची पेस्ट सोडू नका.

(दृश्य: संध्याकाळ. मारुतीचं देऊळ. टाळ वाजू लागतात.)

आजोबा इथले जुने टाळकरी. शेकानंतर वर्षभर ते देवळात आले, पण नुसते बसून राहिले. शब्द ओठांत अडायचे. आता हरिपाठाआधी ते पारावर बसतात, बंडीच्या खिशातून बाटली काढतात, दोन फवारे घेतात आणि थोडं थांबतात.

"दोन अभंग निघत्यात एवढ्यावर," ते सांगतात. "तिसऱ्याला पुन्हा मारावं लागतंय."