चादर उलटी करून पाहताना

माझे वडील इथे सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मागावर होते. उतरलेली चादर उलटी करून उजेडात धरायचे, बोटं फिरवायचे आणि सांगायचे, इथं ताणा तुटलाय, इथं धोटा अडकला होता. माग तेव्हा बंद असायचा. कापडावरून मागाचं दुखणं ओळखायचं. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत आम्ही भौतिकशास्त्रवाले हेच करतो.

धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. आइन्स्टाइननं १९०५ साली त्याचा हिशेब मांडला. सुटलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि कोन मोजला, की तो आत असताना कसा होता ते काढता येतं. अडचण पृष्ठभागाची. सगळ्यात वरच्या काही थरांतले इलेक्ट्रॉनच न धडकता बाहेर येतात, म्हणून पृष्ठभाग कोरा हवा. दोनेक मिलिमीटरच्या स्फटिकाच्या डोक्यावर सिरॅमिकची काडी चिकटवायची, निर्वात कक्षात नेऊन तिला टोला द्यायचा. काडीबरोबर पापुद्रा निघतो, खाली आरशासारखी चकाकी. माझे पहिले तीन स्फटिक बुडासकट उखडले होते. आतला दाब हवेच्या कोटीव्या हिश्श्याचा कोटीवा हिस्सा, तरीही हा पृष्ठभाग हळूहळू मळतोच.

कोणत्या ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन आले, याचा आलेख काढतो. त्यात शिखर कुठं आहे ते कुणीही सांगेल. मजकूर आहे तो त्याच्या रुंदीत. इथल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा एकटा चालत नाही. भोवतालची गर्दी त्याच्याबरोबर सरकते, त्याची चाल जड होते. इलेक्ट्रॉनही शेजाऱ्यांना ढकलत, ओढत जातो. चाल जितकी लवकर मोडते, तितकं शिखर पसरतं.

बेडनोर्झ आणि म्युलर यांनी १९८६ साली शोधलेल्या ताम्र-ऑक्साइड अतिवाहकांच्या, म्हणजे थंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या पदार्थांच्या, घराण्यात ऊर्जा-संवेगाची रेषा (कोनावरून इलेक्ट्रॉनचा संवेग कळतो, त्यासमोर ऊर्जा मांडायची) साधारण ७० मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेपाशी वाकते. कुणामुळे? स्फटिकाच्या कंपनांमुळे की चुंबकी हेलकाव्यांमुळे? दोन्ही बाजूंची मॉडेलं त्याच बिंदूंतून सुरेख रेषा काढून दाखवतात. संगणकाकडून उलटं गणित, म्हणजे आलेखावरून कारण काढणं, करून घ्यायचे प्रयत्नही झालेत. पण या मोजणीत मुख्यतः इलेक्ट्रॉननी भरलेल्या पातळ्या दिसतात, रिकाम्या दिसत नाहीत, आणि गणिताला दोन्ही हव्यात. उरलेली बाजू गृहीत धरावी लागते. म्हणून रेषा नुसती जुळली एवढ्यावर विसंबणं मला चुकीचं वाटतं.

वडील अशा वेळी एकच गोष्ट बदलायचे. धोटा बदलून चार बोटं विणायचे, पुन्हा उलटून पाहायचे. इथेही तसंच केलं गेलं. ऑक्सिजन-१६ काढून ऑक्सिजन-१८ घातला. रसायन तेच, अणू जड, कंपनं मंद. काही मोजण्यांत तो वाक मोजक्या मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टनं सरकला. किती सरकला यावर गटागटांत वाद झाले, मोजण्या पुन्हा झाल्या. वाकात कंपनांचा हात आहे, हे मला पटलंय. पण अतिवाहकता ज्यांच्यामुळे येते त्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या कंपनांनीच बांधल्या, असं म्हणायला एवढा पुरावा पुरत नाही.