मात किती चालींत? धुळ्यातल्या एका माडीवरची चाचणी

(गच्चीवरून धुळे. सरळ, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या.)

धुळ्यात पत्ता सांगायचा तर आधी गल्लीचा नंबर सांगतात. वरून पाहिलं की या गल्ल्या पटावरच्या पट्ट्यांसारख्या दिसतात. मे महिन्याची दुपार, रस्ता ओस. अशाच एका गल्लीतल्या माडीवर, कूलरच्या तोंडाशी दोन लॅपटॉप मांडलेत. एकावर स्टॉकफिश हा बुद्धिबळ खेळणारा ताकदवान प्रोग्राम चालू आहे, दुसऱ्यावर फक्त मात शोधण्यासाठी लिहिलेला प्रोग्राम. दोघांनाही एकच फाईल दिली आहे. तिच्या प्रत्येक ओळीत एक कोडं आहे: पटाची मांडणी, चाल कोणाची, आणि मात किती चालींत.

(लाकडी पट, जवळून. मोहरी मांडणारा हात.)

हे कोडं नीट पाहा. पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या एक ते आठ; त्यांवरून घराचं नाव. पांढऱ्याचा राजा डी६ वर, उंट डी१, घोडा जी४, प्यादी डी७ आणि जी३. काळ्याचा राजा एच७ वर, सोबत दोन घोडे, एक उंट आणि चार प्यादी. रचनाकार नेदरलँड्सचे, गीस फान ब्रॉयकेलेन. १९८७ साली ब्रुसेल्सच्या स्पर्धेत इंग्लंडचे बुद्धिबळपटू जेम्स प्लास्केट यांनी ते जमलेल्या ग्रँडमास्टरांपुढे ठेवलं, आणि सोडवलं माजी जगज्जेते मिखाईल ताल यांनी.

घोडा एफ६ वर, शह. राजा जी७. घोडा एच५, पुन्हा शह. राजा जी६. उंट सी२ वरून शह देतो, राजा घोडा मारतो. आता डी८ वर प्याद्याचा वजीर होतो, पण काळा घोडा एफ७ वर येऊन राजा आणि वजीर दोघांनाही एकदम धरतो. पांढरा राजा ई६ वर सरकतो, वजीर जातो, तोही शह खाऊन. राजा एफ५ वर येतो.

(कॅमेरा एच५ वर थांबतो.)

पांढऱ्याकडे उरला राजा, एक उंट आणि एक प्यादं. पण काळ्या राजाला हलायला घर नाही. जी४, जी५, जी६ पांढऱ्या राजाने धरलेत, एच४ प्याद्याने, आणि एच६ वर त्याचंच प्यादं बसलंय. उंटाचा एक शह पुरे. तो अडवायला काळा आपल्या प्याद्याचा घोडा करतो. वजीर नाही, घोडाच, आणि एकदा नाही तर दोनदा. पांढरा उंट ई४, डी५, सी४, बी५, ए४ असा एकेक घर तिरका सरकत राहतो. यातल्या एकाही चालीत शह नाही.

प्रोग्राम अडतो तो इथेच. ताकदवान प्रोग्राम सगळ्या चाली सारख्या खोलीने पाहत नाही, तसं केलं तर त्याचा खेळच संपेल. यादीत मागे पडलेल्या शांत चाली तो कमी खोलीने चाळतो, आणि घोड्याची बढती बहुतेकदा यादीत मागेच असते. दुसरी काटछाट आणखी धीट: समजा, ज्याची चाल आहे त्याने ती सोडूनच दिली, तरीही त्याची बाजू वरचढ राहत असेल, तर ती फांदी पुढे तपासायची नाही. एरवी हे चालतं. पण 'चाल करावी लागते म्हणूनच मरतो' अशा स्थितीत, म्हणजे झुगझ्वांगमध्ये, हा हिशेब साफ खोटा ठरतो. आणि कोडी रचणाऱ्यांना नेमकी तीच स्थिती आवडते. म्हणून डाव जिंकण्याची ताकद आणि मात शोधण्याची ताकद वेगवेगळी मोजायला हवी.

(दुसरा लॅपटॉप.)

हा प्रोग्राम स्थितीचं मोल ठरवतच नाही. व्हिक्टर अ‍ॅलिस यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत वापरून, मात सिद्ध करायला सगळ्यात कमी काम कुठे उरलंय, म्हणजे प्रतिपक्षाला उत्तरं कुठे कमी आहेत, तिकडे तो आधी वळतो. शहांची लांब माळ असली की तो झपाट्याने उतरतो. शांत चाली आल्या की त्याचीही स्मरणजागा भरत जाते.

(हात कीबोर्डवर.)

चाचणीची मांडणी सगळ्यात महत्त्वाची. थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारा शोध, एकच, कारण अनेक थ्रेड लावले की तेच कोडं दर वेळी वेगळ्या वेळी सुटतं. हॅश, म्हणजे तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची जागा, २५६ एमबी, आणि प्रत्येक कोड्याआधी ती रिकामी करायची. नाहीतर आधीच्या फेरीतलं उत्तर आयतं हाती येतं आणि आकडा फुगतो. मर्यादा सेकंदांत नाही, नोड्समध्ये, म्हणजे तपासलेल्या स्थितींच्या संख्येत: प्रत्येक कोड्याला दहा लाख. खानदेशातल्या उन्हात लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. सकाळी दहा सेकंदांत सुटलेलं कोडं दुपारी तेवढ्याच वेळात सुटत नाही. नोड्स मात्र सकाळी आणि दुपारी तेवढेच राहतात.

सिझिजीचे तक्ते, म्हणजे पटावर थोडीच मोहरी उरलेल्या स्थितींचे तयार निकाल, बंद ठेवलेत. त्यांत मात किती चालींवर आहे हे नसतं. पुढचं मोहरं मारायला किंवा प्यादं हलवायला किती चाली, हे असतं.

(पडद्यावर निकालाची ओळ.)

'सात चालींत मात' एवढं पडद्यावर दिसलं म्हणून गुण मिळत नाही. पायथॉनची एक छोटी स्क्रिप्ट प्रोग्रामने दिलेली ओळ चाल-चाल खेळून पाहते. शेवटी खरंच मात आहे का? ओळ मधेच तुटली तर वेगळी नोंद. सातऐवजी नऊ चालींत सापडली तर मात खरी, पण सगळ्यात जवळची नाही; त्याचा रकाना वेगळा. माहीत असलेल्या उत्तरापेक्षा कमी चाली निघाल्या, तर एकतर प्रोग्राम चुकलाय, नाहीतर कोड्यात दुसरी वाट आहे. मग ते पोपाय या कोडी तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये घालायचं. पुष्कळदा चूक फाईलमध्येच निघते: चाल पांढऱ्याची की काळ्याची हे उलटं टाकलेलं, किंवा किल्लेकोटाचा हक्क चुकून राहिलेला.

पक्की झालेली चूक प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे जाते.

(दारातून एक मुलगा डोकावतो.)

"मात उनी का?"

(पंखा थांबतो. कूलर थांबतो.)

वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी आहे, पडदा लगेच काळा होतो. पण स्क्रिप्ट प्रत्येक कोड्यानंतर निकाल फाईलमध्ये लिहून मोकळी होते. वीज आली की जिथे थांबलं, त्याच्या पुढच्या ओळीपासून सुरू.

(लाकडी पट. उंट अजून ए४ वरच.)