चित्राची पाठ

(महालातली गल्ली, सागवानी खांब, मग बैठकीची भिंत)

नागपूरचा महाल हा जुना भाग. मे महिना, पारा ४५ च्या वर. बैठकीत कूलर घरघरतोय आणि त्याच्या अगदी समोरच्या भिंतीवर, एका जुन्या चित्रात, हे कुटुंब बसलंय. पागोटं बांधलेले घरधनी, शेजारी नऊवारीतली बाई, पुढ्यात तीन मुलं. घरात सांगतात, चित्र भोसले आणि इंग्रजांच्या सीताबर्डीच्या लढाईआधीचं, म्हणजे नोव्हेंबर १८१७ च्या आधीचं.

(नथीवर कॅमेरा)

हा मोती पाहा. घट्ट सफेद्याचा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, एकच थेंब, कागदावरून वर उचललेला. दोनशे वर्षं तो तसाच आहे.

असं चित्र करायला आधी कागदच तयार करावा लागे. पातळ थर खळीने एकावर एक चिकटवायचे, अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत करायचे. मग गेरूची रेघ. तिच्यावर सफेद्याचा पातळ हात, आतून दिसणारी रेघ पुन्हा पक्की. मग रंग. पिवळ्याला पेवडी, लालला हिंगूळ, निळ्याला नीळ, काळ्याला काजळी, सगळे बाभळीच्या डिंकात कालवलेले. मधूनमधून चित्र पालथं घालून पाठीकडून घोटायचं, म्हणजे रंग कागदात बसतो. पापण्यांना खारीच्या शेपटीच्या केसांची कुंचली. सोनं सगळ्यात शेवटी.

राजे-सरदारांच्या आश्रयावरची ही कला. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, आश्रय संपला.

चित्र पेटीत राहिलं, धोतराच्या जुन्या फडक्यात. दसऱ्याला तेवढं बाहेर यायचं. वाटण्या झाल्यावर या घरी आलं आणि फ्रेम झाली. फ्रेमवाल्याने ते गोंदाने प्लायवूडला चिकटवलं, काच थेट रंगावर टेकवली. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्यात आवळतो. कूलरसमोर हे भर उन्हाळ्यात रोज चालतं. रंगाचे पापुद्रे सुटतात. धाकट्या मुलाचा चेहरा असाच गेला.

(आजी)

"मागून मोडीत लिहिलं होतं ना. मामंजी वाचून दाखवत."

ही माणसं कोण, ते त्या ओळींत होतं. त्या ओळी आता प्लायला चिकटल्या आहेत. तुमच्या घरी असं चित्र असेल, तर फ्रेमवाल्याकडे नेण्याआधी त्याच्या पाठीचा फोटो काढा. आणि चिकटवू तर मुळीच देऊ नका.

(कूलर बंद. नातू आणि सून फ्रेम उतरवतात)

आजी पुढे होतात. "आडवंच ठेवा बाप्पा. उभं नको."